दिव्याला आलेला कांद्याचा वास

आमच्या पाड्यात कुणाचे केस गळायला लागले की त्याला डॉक्टरच्या आधी आमच्या घराचा पत्ता सांगायचे. आता काय सांगतात, मी विचारायला गेलेली नाही.

रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की मी वहीत दिवसाच्या चार ओळी लिहिते. ह्या नवरात्राचं मात्र चार ओळींत मावेना. म्हणून हे वेगळं लिहायला बसले, तेही लक्ष्मीवहिनींना विचारून. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिही. लपवला तेवरा पुरे जाला."

लक्ष्मीवहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. सगळा पाडा त्यांना वहिनी म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणते. ठाकुर्लीला खाडीच्या अंगाला आमच्या सासऱ्यांची भातशेती होती, त्यांच्या आधीच्यांची मिठागरं. आता त्या जागेवर बिल्डिंग उभी आहे. तळमजल्यावर आम्ही, आणि वरच्या मजल्यांवर बँकेतले, शाळेतले, कंपनीतले लोक. वहिनींची साठी उलटून गेली, तरी वेणी सोडली की गुडघ्याला लागते, आणि काळी. वरच्या मजल्यावरच्या प्रमोदिनीताई, त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, नेहमी म्हणायच्या, "लक्ष्मीवहिनी, तुमच्या तेलाला वेगळ्या जाहिरातीची गरजच नाही हो. तुम्ही नुसत्या पाठ फिरवून चालत जा."

वहिनींचं तेल असं. खोबरेल तेल लोखंडी कढईत मंद गॅसवर ठेवायचं. त्यात अंगणातल्या झाडाचा कढीपत्ता, लाल गावठी जास्वंद, नाल्याकडेला उगवतो तो माका धुऊन वाटलेला, सुकवलेला आवळा, आणि रात्री भिजवलेली मेथी जाडसर वाटून. पाला तेलात पडला की तडतड सुरू होते. पाणी आटतं तशी ती कमी होते, आणि एका क्षणी वास बदलतो. ओला, हिरवा वास जातो आणि खरपूस येतो. तेवढ्यात गॅस बंद करायचा. आधी केलं तर तेलात पाणी राहतं, उशीर झाला तर पाला जळतो.

मी माहेरची ठाण्याची, खोपटची. लग्न होऊन आले तेव्हा बारावी झाल्याचा मला तोरा होता. पहिल्या श्रावणात मी घड्याळ समोर ठेवून विचारलं, "वहिनी, किती वेळ ठेवायचं?"

वहिनी हसल्या. "घड्याल ठेव तिकरं देव्हाऱ्यात. नाकाला इचार गो, नाकाला."

त्या स्वतः पाठमोऱ्या भाजी चिरत असायच्या आणि मधेच म्हणायच्या, "बंद कर." कधी चुकलं नाही.

तेल त्या कुणालाही द्यायच्या. धुऊन कोरडी केलेली बाटली आणायची आणि भरून न्यायची. फक्त एक गोष्ट त्यांनी आईकडून आणली होती. दसऱ्याला गावदेवीच्या समईतलं उरलेलं तेल बायका थोडं थोडं घरी नेतात. वहिनी ते जपून ठेवायच्या आणि प्रत्येक घाण्यात त्यातलं चमचाभर घालायच्या. म्हणायच्या, "देवीच्या दिव्याचा तेल डोक्यावर यावा." म्हणूनच त्यांच्या तेलात कांदा-लसूण कधी पडला नाही. देवीचा अंश ज्यात आहे त्यात तो कसा घालणार?

करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या घरात सगळ्यांना ताप आला. सगळ्यांचा वास गेला आणि महिन्याभरात परतही आला. वहिनींचा आला नाही. आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गोपीनाथदादांना, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना नाही, मुलाला नाही, सुनेला नाही. मी रोज त्यांच्याबरोबर एका ओट्यावर राबते, मला नाही. आता कळल्यावर मागच्या कितीतरी गोष्टी जागेवर बसतात. दूध करपून घरभर वास सुटलेला असताना त्या शेजारी उभ्या राहून शांतपणे लसूण सोलत होत्या. मी ओरडले तर म्हणाल्या, "माजा ध्यान नव्हता." तेल कढवताना त्या मला हाक मारायला लागल्या, "बग गो, आला का?" मला वाटायचं, इतक्या वर्षांनी आपली परीक्षा घेतायत. मी ऐटीत वाकायचे, हुंगायचे आणि "आला" म्हणायचे. त्या माझ्या नाकावर तेल उतरवत होत्या, आणि पाडा त्यांच्या नाकाचं कौतुक करत होता.

का नाही सांगितलं, असं मी नंतर विचारलं. म्हणाल्या, "सगली मना तेलासाठी वलखतात. ज्या तेलवालीला वास नाय, तिचा तेल कोन नेल?"

ह्या भाद्रपदात त्यांच्या सुनेचे, कल्पिताचे केस गळायला लागले. बाळंतपणानंतर गळतात तसे. कंगव्यात झुपके यायचे आणि ती रडायची. एक दिवस मोबाईल घेऊन ती सासूपुढे बसली.

"आई, हे बघा ना. सगळ्या जणी कांद्याचं तेल करतात. रिझल्ट बघा तिचा."

"कांदा? डोक्याला?" वहिनी म्हणाल्या. "भजी तलायची हायत का डोक्यावर?"

"वास येतो थोडा. पण थांबतात ओ गळायचे. प्लीज ना आई."

सुनेचे डोळे भरलेले बघून वहिनी विरघळल्या. पितृपक्षात त्यांनी कांदे किसून, पिळून, नेहमीच्या पाल्याबरोबर तेलात घातले. देवीचं चमचाभर तेल ह्या घाण्यात घातलं नाही, एवढं त्यांनी पाळलं. मी त्या दिवशी खोपटला माहेरी गेले होते. "आला का?" विचारायला घरात कुणी नव्हतं. तेल थोडं ओलंच उतरलं. ते त्यांनी एका स्टीलच्या किटलीत गाळून ठेवलं.

आता त्या किटलीचं सांगायला हवं. आमच्याकडे सारख्या दोन किटल्या आहेत, कुणाच्या तरी हळदीत आहेर म्हणून आलेल्या. एक घरातल्या तेलाची. दुसरी देवीची, तिच्या कडीला लाल दोरा असतो. गावदेवीच्या देवळाची जागा आमच्या घराने दिलेली, म्हणून घटस्थापनेला अखंड समईत पहिलं तेल आमचं पडतं. तो आमच्या घराचा मान. वहिनी किटली भरून तिळाचं तेल नेतात, समई भरतात आणि किटली देवळातच ठेवतात. मग नऊही दिवस पाड्यातल्या बायका रांगेने येऊन आपापलं पळी-पळी तेल त्यात घालतात.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी वहिनींनी देवीचं म्हणून सगळं घासायला काढलं. दोरा धुवायला सोडला. दोन्ही किटल्या भरलेल्या, म्हणून नुसत्या बाहेरून पुसल्या आणि शेजारी ठेवल्या. तिळाचं तेल पिवळसर, आणि कांद्याचं तेलही गाळून पिवळसरच झालेलं. सकाळी दोरा बांधताना त्यांनी झाकण उघडून बघितलं. बघितलं फक्त. ज्याला वास येतो त्याला झाकण उघडायचीही गरज पडली नसती.

पहिल्या माळेला समई लागली तशी वात तडतडायला लागली. देवळातले बाबुराव गुरव म्हणाले, "वात वली ऱ्हायली वाटतं." त्यांनी वात बदलली. संध्याकाळच्या आरतीला गर्दी होती, धूप होता, कापूर होता. त्या सगळ्यातून एक वेगळाच वास येत राहिला. प्रमोदिनीताईंनी इकडेतिकडे बघितलं. "कुणाच्या घरी कांदा परततायत का हो? नवरात्रात?"

एक पोरगं मोठ्याने म्हणालं, "देवी भजी खाते!" त्याच्या आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. तर ते पुन्हा म्हणतं, "गावदेवीला कोंबडा चालतो, मंग कांदा का नाय?" सगळे हसले. वहिनीही हसल्या. आपण कशाला हसतोय हे त्यांना कळलेलं नव्हतं, हे आता कळतं.

दुसऱ्या माळेला सकाळी गर्दी नव्हती, धूप विझलेला होता, आणि वास समईचाच आहे हे लपेना. बायका रांगेत उभ्या होत्या. त्यात शकू होती. शकू खडवलीची. नवरा गेल्यावर इकडे आली आणि स्टेशनच्या वाटेवर भज्यांची गाडी लावते. गेली कितीतरी वर्षं नवरात्रात तिचं पळीभर तेल चुकलेलं नाही. कुणीतरी तिच्याकडे बघितलं, मग दुसऱ्या कुणीतरी बघितलं. कोण आधी बोललं, मला आठवत नाही. पण बोललं गेलं.

"शकू, काल तू कुठलं तेल घातलंस गं?"

"कुठलं म्हंजे? तिळाचं."

"तळणातलं उरलेलं नाही ना?"

शकूला आधी वाटलं, थट्टा आहे. ती हसली. मग तिचं हसू राहिलं तसंच आणि डोळे बदलले.

प्रमोदिनीताईंनी हात पुढे केला. "बघू, बाटली बघू. गैरसमज नको, म्हणून बघायचं." त्यांनी झाकण काढून हुंगलं. "मला तरी येतोय बाई." बाटली पुढे गेली. हातातून हातात. जी हुंगेल ती म्हणे, येतोय. येणारच. शकूची ओंजळ, तिची साडी, तिची पिशवी, सगळ्यांना तिच्या गाडीचा वास आधीच ठाऊक होता. माझ्याही हातात बाटली आली. मला तिळाच्या तेलाचा वास आला. पण इतक्या जणींनंतर मला माझीच खात्री वाटेना. मी काही न बोलता ती वहिनींकडे दिली.

"आता वहिनी सांगतील," बाबुराव म्हणाले. "तेलातलं त्यांच्याइतकं कोनाला कलतं?"

वहिनींनी बाटली नाकाशी धरली. डोळे मिटले. बराच वेळ धरली. मग त्या म्हणाल्या, "हाय."

एवढंच.

"वहिनी," शकू म्हणाली, "सकाळी नवी पिशवी फोडलीय. देवीच्या पायाशी उभी राहून खोटं बोलंन का मी?"

वहिनींनी बाटली तिच्या हातात परत दिली.

बाबुराव वाईट माणूस नाही. मऊ आवाजात म्हणाले, "शकू, उद्यापासनं तू फुलं आण. तेल ऱ्हाऊ दे ह्या वर्षी." शकूने बाटलीला झाकण लावलं. ते नीट बसेना, तिने दोनदा लावलं. मग पिशवीत ठेवून ती गेली.

बाबुरावांनी ज्योत लहान निरांजनावर घेतली, समई घासली आणि पुन्हा भरली. कशाने भरली? आमच्या मानाच्या किटलीतल्या तेलाने. संध्याकाळी पुन्हा तोच वास. बायका म्हणाल्या, पितळेत मुरलाय, देवी कोपलीय. आणि शकूचं नाव आणखी काळं झालं.

तिसऱ्या माळेला दुपारी कल्पिताने डोक्याला लावायला घरातली किटली घेतली. बोटं बुडवली, हुंगली आणि स्वयंपाकघरात आली.

"आई, ओ आई, ह्यात तिळाचं तेल आहे की. माझं कांद्याचं कुठे गेलं?"

वहिनी उपासाचं थालीपीठ थापत होत्या. त्यांचा हात थांबला. थालीपिठाकडे बघत राहिल्या. मग पाट ओढून बसल्या. मी गॅस बंद केला, मला वाटलं चक्कर आली. त्या म्हणाल्या, "देवीची किटली घेऊन या कोनीतरी." मग लगेच म्हणाल्या, "नको. ऱ्हाऊ दे." आणि मग तिथे बसूनच सगळं सांगितलं. किटल्यांचं आधी. नाकाचं नंतर, आणि फार हळू. जणू पहिल्यापेक्षा दुसरं मोठं होतं.

कल्पिता म्हणाली, "पण मग शकूमावशीच्या बाटलीचा वास..."

"मना येतच नाय," वहिनी म्हणाल्या. "सगल्या म्हनत व्हत्या हाय, म्हनून मी म्हनाले हाय."

गोपीनाथदादा दारात उभे राहून ऐकत होते. ते देवळाच्या मंडळात आहेत. आत येऊन म्हणाले, "कोनाला बोलायचा नाय. किटली मी बदलतो. समई मी घासायला लावतो. वास गेला की इषय संपला."

"आनि शकू?"

"शकूला दसऱ्याला चांगली सारी नेसवू."

"सारीनं वास जातो?" वहिनी म्हणाल्या. दादा तोवर चपला घालत होते.

मी काय केलं? पदराला हात पुसत राहिले.

दादांनी काम चोख केलं. चौथ्या माळेला समई स्वच्छ होती, तेल खरं तिळाचं होतं, वात सरळ उभी जळत होती. कापराचा, झेंडूचा, एवढाच वास. बायकांनी सुटकेचा श्वास घेतला, आणि आमच्या समोरच एकजण म्हणाली, "बगा, शकूचं तेल बंद केलं आनि वास गेला. आता तरी खात्री पटली ना?" माना हलल्या. प्रमोदिनीताई म्हणाल्या, "सिद्धच झालं म्हणायचं."

त्या वेळी मी वहिनींकडे बघितलं नाही. बघवेना. आम्ही खोटं लपवायला गेलो आणि त्याला पुरावा तयार करून दिला. देवीसमोर हात जोडले तर बोटं एकमेकांना चिकटेनात. इतकी वर्षं उपास केले, माळा ओढल्या, पण देवीकडे वर बघायची लाज वाटली ती तेव्हा पहिल्यांदा.

परत येताना वहिनी स्टेशनच्या वाटेला वळल्या. मीही मागून गेले. शकूची गाडी सुरू होती. आम्हाला बघून तिने झारा तेलातून काढला आणि पदर सारखा केला.

"या वहिनी. काय देऊ? उपासाचं नाय आपल्याकडं."

"घरच्यांना ने... नेते," वहिनी म्हणाल्या. "दे थोरी."

"बटाट्याची देते, नि मुगाची. कांद्याची नाय. नवरात्रात माझ्या गाडीवर कांदा नसतोय, गिऱ्हाईक गेलं तरी." तिने कागदात भजी बांधली. मग थांबली. "घ्या वास. बगा."

वहिनींनी पुडा नाकाशी नेला. नेला, आणि तसाच खाली आणला.

शकू म्हणाली, "बाकीच्या बोलल्या त्याचं नाय मला काय. त्या वरच्या मजल्यावरच्या, त्यांना वासाचं काय कळतंय? पण तुमी बोललात. तुमी हाय म्हटल्यावर मीच घरी जाऊन माझी बाटली हुंगली. म्हटलं, आपल्यालाच येत नसंल."

वहिनींचं तोंड उघडलं. आत्ता सांगतील, असं मला वाटलं. तेवढ्यात दोन कॉलेजची पोरं आली, "मावशी, वडापाव," आणि शकू वळली. वहिनी तिथून निघाल्या. पुडा घरी ओट्यावर संध्याकाळपर्यंत तसाच पडून होता. त्याचं तेल कागदातून बाहेर आलं. कुणी खाल्लं नाही.

पाचवी माळ म्हणजे ललितापंचमी. दुपारी न्हाणीतून वहिनी बाहेर आल्या तेव्हा केस मोकळे होते आणि तेलाने निथळत होते. घरभर कांद्याचा वास. दादांनी देवळातून परत आणलेली किटली रिकामी, न्हाणीच्या कट्ट्यावर. उरलेलं सगळं तेल त्यांनी डोक्यावर ओतलं होतं.

"वहिनी, ओ वहिनी, आरतीला जायचंय ना?"

"जायचाच हाय."

"अशा?"

"अशीच."

दादा आडवे आले. "लक्ष्मी, मान जाईल घराचा."

"तो गेलाय ओ," वहिनी म्हणाल्या. "लोकांना दिसला नाय एवराच."

आरती झाली. तीर्थ-प्रसादाची गडबड सुरू व्हायच्या आत वहिनी समईजवळ उभ्या राहिल्या. केस तसेच मोकळे. लोक आधीच नाकं वळवून बघत होते, वास पुन्हा आला म्हणून. बाबुराव समईकडे वाकून बघत होते.

"समई नको बगू बाबुराव," वहिनी म्हणाल्या. "वास माज्या डोक्याला हाय. पयल्या मालेला दिव्यात पडला तो ह्योच तेल. माज्या हातानी, मानाच्या किटलीतून. शकूचा तेल चांगला व्हता."

कुणाला काही कळेना. प्रमोदिनीताई म्हणाल्या, "अहो पण वहिनी, तुम्हीच तर त्या दिवशी..."

"इश्वास नाय ना बसत? या. हुंगा." वहिनींनी मान खाली घातली आणि ते गुडघ्यापर्यंतचे केस दोन्ही हातांनी पुढे ओढून धरले. ज्या केसांकडे बघून बायका बाटल्या घेऊन यायच्या, तेच. "बाटली सगल्यांनी हुंगली व्हती ना? आता डोका हुंगा."

कुणी पुढे आलं नाही. मी जायला हवं होतं. मी जागेवरच उभी राहिले.

शकू बाहेर पायरीवर होती, हातात सांगितल्याप्रमाणे फुलांची परडी. वहिनी तशाच बाहेर गेल्या आणि तिच्या खालच्या पायरीवर बसल्या. पाठ तिच्याकडे केली. "शकू, तू हुंग."

शकूने परडी खाली ठेवली. वाकली. दोन्ही हातांनी ते केस उचलले, नाकाशी नेले. देवळातलं माणूसन् माणूस दाराशी आलं होतं.

"कांदा," शकू म्हणाली. पुन्हा हुंगलं. "नि मेथी. माझ्या भज्यात मेथी नसते, वहिनी."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मंग त्या दिवशी माझ्या बाटलीचा कसला वास आला तुमाला?"

"कसलाच नाय." वहिनी अजून पाठमोऱ्याच होत्या. "मना वास येत नाय शकू. तापापासून. कसलाच येत नाय."

"मंग हाय का म्हनालात?"

"सगल्या म्हनत व्हत्या. मी नाय म्हनाले असते तर तुज्यासाठी बोलायला लागला असता. नि मना कसा कलला, ता सांगायला लागला असता."

शकूने केस सोडले. ते पायरीवर, धुळीत पडले. तिने हात साडीला पुसले. प्रमोदिनीताईंनी चष्मा काढून हातात धरला होता, पुसत नव्हत्या, नुसता धरला होता.

दादा मागच्या दाराने निघून गेले होते. बाबुराव म्हणाले, "वहिनी, आता मानाचं काय करायचं?"

"शकू घालंल पयला तेल. उद्यापासून. पुढच्या वर्सालाही."

"मला नको," शकू लगेच म्हणाली. "तुमचा मान तुमाला लखलाभ. मला रांगेतनं काढलं, मला रांगेत परत घ्या. तेवढं बास." आणि परडी उचलून, वहिनींच्या बाजूने वळसा घालून, आत गेली. तिने फुलं देवीला वाहिली. वहिनींशी एक शब्द नाही.

सहाव्या माळेला शकू रांगेत होती. वहिनी समईशेजारी उभ्या होत्या, केस धुऊन घट्ट बांधलेले, पदर डोक्यावर. शकूचा नंबर आला. तिने बाटलीचं झाकण काढलं आणि समईकडे न नेता वहिनींच्या नाकापुढे धरली.

"बगा. कसा हाय?"

वहिनी म्हणाल्या, "मना वास येत नाय."

"मोठ्यानं. देवीला आयकू दे."

"मना वास येत नाय."

मग शकूने तेल घातलं. सातव्या माळेला तसंच, आठव्याला तसंच. रांगेतल्या बायका खाली बघायच्या. मी फरशीवरच्या तेलाच्या डागाकडे बघायचे. घरी दादांनी बोलणं टाकलं होतं. तेलासाठी बाटली घेऊन कुणी आलं नाही. कल्पिताचे केस गळतच होते. तिने त्याबद्दल बोलणं बंद केलं.

दसऱ्याला सकाळी घट हलायच्या आधीचं शेवटचं तेल. शकू आली. गाडी लवकर लावायची असेल, घाईत होती. झाकण काढून ती सरळ समईकडे वळली.

वहिनींनी तिचं मनगट धरलं. "अगो, दाखव की."

"ऱ्हाऊ द्या आता वहिनी. झालं ते."

"नाय. दाखव."

शकूने त्यांच्याकडे बघितलं. रांग थांबली होती. तिने बाटली वर केली, नाकाशी धरली, पहिल्या दिवसापेक्षा थोडी सांभाळून. वहिनींनी श्वास घेतला आणि देवीकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"मना वास येत नाय."

"ह्याला येतोय तो वास तिळाचाच हाय," शकू म्हणाली, आणि तेल समईत ओतलं.